मुक्या टीव्हीवर तपासलेला बॉक्स

४ जून, दुकानातून

बारक्या,

चौदा वर्षांनी तुझं पत्र, तेही दुकानाच्या पत्त्यावर, आणि आत काय? 'टीव्हीला जोडायला कोणता बॉक्स घेऊ?' पाकीट मी सांभाळून कात्रीनं उघडलं आणि आतून गिऱ्हाईक निघालं. असो. फोन तू उचलत नाहीस, तेव्हा कागद बरा. कागद मधेच कट करता येत नाही, फार तर फाडता येतो.

आधी कामाचं. आईनं पाठवलेली बाबांची हार्ड डिस्क तुला मिळाली हे बरं झालं. बाबांच्या बॉक्सिंग हॉलमधल्या सगळ्या लढतींच्या व्हिडिओ फायली तिच्यावर आहेत, तारखेनुसार लावलेल्या. त्या बघायला टीव्हीच्या मागे खोचायची ती स्टिक घेऊ नकोस, बेकरीतला तुझा जोडीदार काहीही सांगो. ती नेटवरचं दाखवायला केलेली असते, डिस्क जोडायला तिला धड जागा नाही. डिस्क सरळ टीव्हीलाच लावशील तर तुझा टीव्ही अर्ध्या फायली ओळखणारच नाही. शिवाय ही डिस्क म्हातारी, वीज जास्त खाते, टीव्हीतून मिळते तेवढी तिला पुरत नाही आणि मग ती नुसती टकटक करत बसते. म्हणून तिचा वेगळा अडॅप्टर सोबत घातलाय.

माझ्या सर्व्हिस काउंटरवर सात जातींचे बॉक्स दुरुस्तीला येतात. कोणता काय पचवतो आणि काय ओकतो ते मला विचार. तुझ्यासाठी मी करडा निवडलाय, तो याच पार्सलमध्ये आहे. छोटा आहे, आवाज करत नाही, रिमोटला मोजून नऊ बटणं आणि तीही ठळक. दुसरा एक काळा जाडजूड बॉक्स येतो, पंखावाला. कोणी सुचवलाच तर घेऊ नकोस, नुसता घरघरतो. आणि करड्याला नेट जोडू नकोस. 'अपडेट करू का' म्हणून विचारेल, 'नको' दाब. अपडेटनं चालतं ते बिघडतं, हा माझा नऊ वर्षांचा अनुभव आहे.

आता दुसरं. तू लिहिलंस, 'त्या माणसानं माझा डोळा कसा फोडला ते मला एकदा बघायचंय. त्या दिवसाचं मला सकाळपासूनच काही आठवत नाही. एकदा बघितलं की डिस्क हातोड्यानं फोडतो आणि सुटतो.' म्हणजे तू १९ ऑक्टोबरची फाइल शोधणार. ती आहे, पण जुन्या टेपवाल्या कॅमेऱ्याची आहे. तसल्या फायली आता कुठल्याच बॉक्सवर चालत नाहीत, पडदा काळा राहतो. मी स्वतः लावून बघितलंय. तिच्या मागे लागू नकोस. नव्या कॅमेऱ्याच्या फायलींत तुला हवं ते भरपूर दिसेल. मारायला बाबा काही तारीख बघत नसत.

तुझ्या मुलीला आत्याचा पापा दे. तिला आत्या आहे हे सांगितलं असशील तर.

तायडी


१८ जून, दुकानातून

बारक्या,

करडा चालला, डिस्क टकटकली नाही, आपण जिंकलो. तू मात्र दहा दिवस रोज संध्याकाळी जेवण सोडून बाबांना बघत बसलायस आणि बायको वैतागलीय. मी तिच्या जागी असते तर बॉक्स तुझ्या डोक्यात घातला असता.

तू लिहिलंस, पोटऱ्यांवर दोरीचे वळ उठलेले दिसतात आणि त्या फायलीत तू अकरा वर्षांचा आहेस. हो. उड्यांची दोरी बाबा दुहेरी करून मारायचे, पाय जड पडले की. मला पाठीवर मारायचे, कारण पोटऱ्या शाळेत दिसायच्या. तुझ्या पोटऱ्या पण दिसायच्याच, पण मुलाचं काय, पडला असेल म्हणतात. खाली टायरांचं गोदाम होतं म्हणून आपलं ओरडणं कुणाला कधी ऐकू गेलं नाही. टायरवाला गोदामात नळीनं हवा भरत बसलेला असायचा. एकदा मी त्याच्याकडे पळून गेले, तर त्यानं मला चहा पाजला आणि हाताला धरून परत वर आणून सोडलं. 'मास्तर, तुमची वस्तू,' म्हणाला.

आणि तू जी विसरला होतास म्हणतोस, ती लढत मला चांगली आठवते. मी तुझं नाक फोडलं ती. तुझ्या बनियनवर रक्त, माझ्या दंडावर रक्त, आणि मग मी खाली बसून तुझ्या हातांवरच्या पट्ट्या सोडतेय. बाबांचा नियमच होता तो. जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याच्या पट्ट्या सोडायच्या, एकेक वेढा, घाई न करता, आणि गुंडाळी करून त्याच्या हातात द्यायच्या. दुसऱ्या गावची पोरं हसायची आपल्याला. पण पट्ट्या सुटेपर्यंत राग राहायचा नाही, हे खरं होतं. बाबांच्या डोक्यात एवढी एकच गोष्ट चांगली होती आणि ती कुठून आली देव जाणे.

म्हणजे मी त्यांची बाजू घेत नाहीये. ते मारकुटे होते. मी त्यांच्या हातात वाढलेय, मला कोणी शिकवू नये. पण त्यांचंही झालंच की जे व्हायचं ते. सात महिने आत काढले, हॉल गेला, परवाना गेला. सुटून आले ते त्याच टायरवाल्याकडे टायर उचलायला लागले, दुखऱ्या गुडघ्यानं. आई एका घरात राहून तेरा वर्षं त्यांच्याशी बोलली नाही. ताट ओट्यावर ठेवायची आणि निघून जायची. तू त्यांच्या शेवटच्या वेळेलाही आला नाहीस. मी तुला दोष देत नाही. दोष द्यायचा मला काही

जाऊ दे. डिस्क फोडायची म्हणतोस ना, फोड. डिस्क तुझी, हातोडा तुझा. बघितलंस तेवढं पुष्कळ झालं. शिळ्या कढीला ऊत आणून कुणाचं भलं झालंय?

तायडी


२ जुलै, दुकानातून

बारक्या,

तुझं पत्र आज सकाळी आलं. काउंटरवर चार माणसं उभी होती, त्यांना तसंच ठेवून मी मागे जाऊन वाचलं.

'पडदा काळाच राहिला, तू म्हणालीस तसा. पण तायडे, आवाज येतो. दुसऱ्या राउंडची घंटा येते. बुटांची घसट येते. मग ठोसे, एकामागून एक सात. मग काहीतरी खांबावर आपटतं. मग थोडा वेळ नुसता श्वास, आणि नंतर आणखी चार ठोसे, पण हे ओले वाटतात. आणि त्यानंतर, त्यानंतर लोखंडी जिना वाजतो. एक पाय जड, एक हलका, धावत. तसा पाय जगात एकाच माणसाचा पडायचा. बाबा जिन्यात होते तर वर मला मारत कोण होतं?'

तुला काय सांगू. जुन्या टेपच्या फायलींत आवाज पुढेमागे होतो. टेप ताणली गेली की आधीचं नंतर ऐकू येतं आणि नंतरचं आधी. माझ्याकडे असल्या तक्रारी महिन्याला पाच येतात. जिन्याचा आवाज सुरुवातीचा असणार, बाबा लढतीच्या आधी वर आले तेव्हाचा. एवढ्यावरून माणूस काहीही कल्पना करत बसतो.

दुसरं कोणी असतं तर मी तुला इतकी वर्षं सांगितलं नसतं का?

फोडणार होतास ना डिस्क? मग अडलंय कुठं. हातोडा नसेल तर इथून पाठवते.

तायडी


५ जुलै, घरातून, सकाळी

बारक्या,

दोन तारखेचं पत्र फाडून टाक. आवाज पुढेमागे होत नाही. तू ऐकलंस ते बरोबर त्याच क्रमानं झालं.

मी होते.

बाबांचा हात उजवा. उजव्या हाताच्या माणसाचा ठोसा समोरच्याच्या डाव्या बाजूला बसतो. तुझा गेला तो उजवा डोळा. अख्ख्या हॉलमध्ये डावखुरी एकच होती. चौदा वर्षं मी वाट बघत होते, हे तुझ्या डोक्यात कधी येतंय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, कुठलंही पाकीट दिसलं की मला वाटायचं, आलं. पोलिसांच्याही डोक्यात आलं नाही. 'मी मारलं' म्हणून बाप हात पुढे करतो तेव्हा कोण कशाला बाजू बघत बसेल.

तुला बॉक्स कसा निवडला ते आधी सांगते, मग बाकीचं. जमेल तसं.

डिस्क तुला पाठवायच्या आधी आईनं ती नीट पॅक करायला माझ्याकडे दिली. बाबांनी जायच्या आधी तिला सांगितलं होतं, 'ही धाकट्याकडे दे.' चौदा वर्षांत त्यांनी आईला सांगितलेली ही एकच गोष्ट. मी ती काउंटरवर नेली आणि सातही बॉक्सवर १९ ऑक्टोबरची फाइल लावली. सहांवर मी दिसले. करड्यावर पडदा काळा राहिला. म्हणून तुला करडा. अपडेट घेतलं असतंस तर करड्यावरही दिसले असते, म्हणून नेट जोडू नकोस. काळा पंखावाला सगळ्यात चांगला चालवतो, म्हणून काळा नको. लोक येऊन विचारतात, सगळं काय चालवेल? जे चालत नाही त्यासाठी बॉक्स निवडणारी गिऱ्हाईक मी एकटीच.

पण आमच्या काउंटरवरचा टीव्ही मुका आहे. सात बॉक्सचे सात आवाज मालकाला सहन होत नाहीत, म्हणून त्यानं स्पीकरची वायरच काढून टाकलीय. नऊ वर्षं मी चित्र बघून बॉक्स पास करते. आवाज गिऱ्हाईक आपल्या घरी तपासतं. चित्र नाही म्हणजे काहीच नाही, इतकी सवय झालीय मला. जगात आवाज नावाची गोष्ट असते हे मी विसरले, आणि तू मला ते कळवलंस.

आता १९ ऑक्टोबर. सकाळी बाबांनी मला खाली गोदामात बोलावलं. संघाच्या निवडीसाठी आपल्या हॉलमधून एकच नाव जाणार होतं. मी धरून चालले होते की माझं. सगळेच धरून चालले होते. बाबा टायरावर बसले आणि म्हणाले, 'बारक्याला पाठवतोय. आज जुन्या कॅमेऱ्यावर तुमची टेप करायची, समितीला टेपच लागते. तू हात सैल ठेव. तीन राउंड त्याला नीट दिसू दे.' मी विचारलं, 'आणि मी?' म्हणाले, 'तुझं काय, तू आहेसच की.' एवढंच. मी वर गेले, पट्ट्या बांधल्या.

बाबांनी कॅमेरा तिकाटण्यावर लावून चालू केला आणि टायरांचा ट्रक आला म्हणून खाली गेले. तुझ्या हेडगार्डचा पट्टा तुटला होता. तू ते काढून दोरावर टाकलंस. 'समितीला चेहरा दिसायला पाहिजे,' म्हणालास. सोळा वर्षांचा होतास, चेहऱ्याचं फार होतं तुला तेव्हा. मी तेव्हाच थांबायला हवं होतं. मी तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी होते आणि हेडगार्डशिवाय लढायचं नाही हा नियम मला माहीत होता.

पहिला राउंड मी हात सैल ठेवले. तू मारलंस, मी खाल्लं. दुसऱ्या राउंडला तू जवळ आलास आणि दातांवरच्या रबराआडून कुजबुजलास, 'तायडे, जरा नाटक तरी नीट कर. खरंच हरतेयस असं वाटू दे.' आणि हसलास. तुला सांगितलं होतं बाबांनी. तुला माहीत होतं आणि तुला त्याची गंमत वाटत होती.

मग मी मारलं. पहिला तुझ्या बरगडीत, हात खाली यावेत म्हणून. आले. मग तोंडावर. तू दोन पावलं मागे गेलास, मी तीन पुढे आले. तिसऱ्या ठोशाला तुझं रबर उडून पडलं. चौथ्यानंतर तू काही करत नव्हतास, नुसता उभा होतास, पाचवा, सहावा आणि सातवा मी उभ्या पोत्याला मारतात तसे मारले. तू कोपऱ्यातल्या खांबावर आपटलास आणि घसरत खाली बसलास. तिथे मी थांबले. आवाजात तुला तो नुसता श्वास ऐकू येतो ना, तो माझा आहे. मी तुझ्याकडे बघत होते. तू एक हात वर केलास, ग्लव्हसकट, आता पुरे म्हणतो तसा.

आणि मी आणखी चार मारले. खाली वाकून, बसलेल्या माणसाला, डाव्या हातानं, एकाच जागी. तू बरोबर मोजलेस. शेवटच्याला माझ्या मुठीखाली काहीतरी मऊ फुटल्यासारखं लागलं. मला तेव्हाही कळलं होतं ते काय आहे. आणि बारक्या, माझा राग उतरला नव्हता. मला अजून मारायचं होतं. बाबांनी मागून येऊन कमरेला धरून मला फेकलं नसतं तर मी मारलं असतं. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही, स्वतःलाही अर्धवटच.

टायरवाल्याच्या टेम्पोत तुझं डोकं बाबांच्या मांडीवर होतं. मी समोर बसले होते. ग्लव्ह वरच काढले होते, पण तुला उचलताना माझ्या पट्ट्या तुझ्या रक्तानं भिजल्या होत्या. बाबांनी एका हातानं तुझा डोळा टॉवेलनं दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं माझ्या पट्ट्या सोडायला लागले. आयुष्यात त्यांनी कुणाच्या पट्ट्या सोडलेल्या मी बघितल्या नव्हत्या. मला वाटलं, मी जिंकले, मला शिक्षा म्हणून हे उलटं करतायत. दवाखान्याच्या फाटकाशी त्यांनी त्या भिजलेल्या पट्ट्या आपल्या उजव्या हाताला गुंडाळल्या. आत डॉक्टरनं विचारलं, 'कुणी मारलं पोराला?' मी तोंड उघडलं होतं. बाबा म्हणाले, 'मी.' आणि तो हात दाखवला.

त्यांनी मला एका शब्दानं सांगितलं नाही की गप्प बस. मी आपली बसले. तुला शुद्ध आली आणि तुला काही आठवत नव्हतं, तेव्हा मला हायसं वाटलं. मामा तुला घेऊन गेला तेव्हाही वाटलं. बाबांना नेलं तेव्हा मी दारात उभी होते आणि आई त्यांच्या तोंडावर थुंकली. मी तिला धरलं आणि घरात नेलं. लोक म्हणाले, मुलगी केवढी शहाणी. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी चौदा वर्षं झाकलेली होती आणि तिच्यात तुझा डोळा होता.

टेप बाबांनी त्याच दिवशी खिशात घातली होती. सुटून आल्यावर त्यांनी ती स्वतः डिस्कवर उतरवली. का, ते मी विचारलं नाही. फाइल पुसायची माझी हिंमत झाली नाही, म्हणजे झाली होती, बटणावर बोट होतं. पण तिच्यात शेवटी बाबा तुला उचलतात आणि तोंड वर करून रडतात. रडणारे बाबा दुसऱ्या कुठल्या फायलीत नाहीत. मी सगळ्या बघितल्यात.

या पार्सलमध्ये काळा बॉक्स आहे. डिस्क त्याला लाव, पंख्याकडे लक्ष देऊ नकोस. आवाज ऐकलासच, आता चित्र बघ. मुलगी घरात नसताना बघ. आणि हातोडा मारायचा तर त्यानंतर मार, कारण डिस्क फुटली की मला खोटं पाडणारं जगात काही उरणार नाही, आणि मला माझी खात्री नाही.

'माफ कर' असं तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. माफी मागायचा हक्क बाबांना होता, आणि त्यांनी तुझ्याकडे कधी मागितली नाही कारण त्यांना मागायचं कारणच नव्हतं. डोळ्यासाठी नाही. दोरीसाठी मागायला हवी होती, ते वेगळं. मला तू परत कधी लिहिणार नाहीस याची भीती वाटते. ही भीती होती म्हणूनच मी सगळं लपवलं, आणि तरी ती अजून आहे तेवढीच आहे.

तायडी


८ जुलै, घरातून

बारक्या,

आईला सांगितलं. तुला कळवायला हवं म्हणून लिहितेय, उत्तर देऊ नकोस वाटलं तर.

ती दवाखान्याच्या धुलाईखात्यातून आली होती, चादरींच्या वासाची. मी तिला बसवलं आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. ती म्हणाली, 'पुन्हा सांग.' मी पुन्हा सांगितलं. मग ती उठली आणि मला थोबाडीत मारली. ज्या बाईनं आपल्याला कधी बोट लावलं नाही, तिनं. मग उलट्या हातानं. मग पायातली चप्पल काढली आणि मी भिंतीपर्यंत मागे जाईस्तोवर मारत राहिली, तोंडावर, मानेवर, हात मधे आला तर हातावर. मी हात मधे आणला नव्हता, तो आपोआप येतो, सवय आहे. खालचा एक दात हलतोय. ओठ आतून फाटलाय. आपलेच दात आणि आपलेच ओठ, पहिल्यांदा नीट कळलं.

दमल्यावर ती जमिनीवर बसली. म्हणाली, 'मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. खोकत होते शेवटी, तरी ताट ठेवून निघून गेले. आणि तू समोर बसून जेवत होतीस.'

हो, मी समोर बसून जेवत होते. रोज. एकदा बाबांनी त्यांच्यातली भाकरी माझ्या ताटात टाकली होती, मला कमी पडली म्हणून. मी ती खाल्ली.

आई माझ्याशी बोलत नाही. माझं ताट ओट्यावर ठेवते आणि जाते.

तायडी


२४ जुलै, दुकानातून

बारक्या,

काळा बॉक्स तुला नऊ तारखेला पोचल्याची पावती माझ्याकडे आहे. त्यानंतर पंधरा दिवस मी रोज पोस्टमनला बघून काउंटरखाली काहीतरी पडल्यासारखं करत होते. मालक म्हणाला, 'काय हरवलंय रोज तुझं?'

आज तुझं खोकं आलं. उघडताना आत खडखड झालं. मला वाटलं, डिस्क. आतली पिशवी काउंटरवर उलटी केली तर करडा बॉक्स निघाला. म्हणजे त्याचा चुरा. हातोडा तू अगदी मन लावून चालवलायस, रिमोटची नऊच्या नऊ बटणं वेगळी झालीत. काउंटरवरचं गिऱ्हाईक म्हणालं, 'बाई, हा आता दुरुस्त होणार नाही.' मी त्याला सांगितलं की हा चालूच होता, तीच अडचण होती.

मग चिठ्ठी सापडली. दुकानात वाचली, घरी आईला वाचून दाखवली, आता पुन्हा समोर आहे. 'डिस्क शाबूत आहे. फाइल तीनदा बघितली. जिन्याचा आवाज मुलीला ऐकवला, म्हटलं हे तुझे आजोबा, धावत येतायत. तुला एकदा भेटायचंय. इथे बेकरीच्या मागे मोकळी जागा आहे. रविवारी ये. हेडगार्ड घालून ये, कारण मी मारणार आहे.'

आईनं ऐकलं आणि बाबा गेल्यापासून आठ महिने दाराशी पडलेले त्यांचे बूट पुसायला घेतले. ते तुझ्याकडे आणायचे म्हणते. मलाच म्हणाली हे, म्हणजे बोलली.

येते. बायकोला सांग की मुलीला तेवढा वेळ कुठेतरी घेऊन जा, तिनं हे बघायला नको. तुझ्या डाव्या डोळ्याला जपून उभा राहा, उन्हाकडे तोंड करू नकोस. मी उन्हाकडे तोंड करून उभी राहीन.

हेडगार्ड आणत नाही. पट्ट्या आणतेय. माझ्या मीच बांधीन. त्या दिवशी बाबांनी हात सैल ठेवायला सांगितलं होतं, आणि ते मी ऐकलं नाही. या वेळी मला कुणी काही सांगितलेलं नाही.

तुझं झालं की पट्ट्या तेवढ्या सोड, एकेक वेढा, घाई न करता. आम्ही दोघी दहाच्या गाडीनं येतो.

तायडी